कागदावरची मुलं

“मॅडम, मी नक्की कुठल्या रांगेत उभं राहायचं?” जिन्याच्या तोंडाशी खांबाला टेकून बसलेल्या मुलीनं विचारलं, आणि बाईंनी न थांबता, सवयीनं, तोंडपाठ उत्तर दिलं, “शाळा इथं झाली असेल तर पहिली खिडकी, बाहेरची असशील तर दुसरी.” एका हातात डबा, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावरून घसरणारी पर्स, प्रवेशाचा शेवटचा दिवस असला की जिनासुद्धा एरवीपेक्षा उंच वाटतो. मुलगी मागून म्हणाली, “शाळा बाहेर झाली. पण मी बाहेरची नाही.” बाई अर्धा जिना चढून गेल्या होत्या. त्यांचा उचललेला पाय तसाच राहिला. त्यांना धक्का बसला हे खरं, पण त्याच्याही आधी, क्षणभर का होईना, चक्क आनंद झाला. लग्नकार्यात अचानक शाळेतली मैत्रीण दिसावी तसा. ‘अगं, तू!’ हे शब्द त्यांच्या ओठावर आले होते. ह्या मुलीला त्या ओळखत होत्या. तिचा पासपोर्ट कुठला, घर कुठं, शाळा कुठं, हे त्यांना न विचारता ठाऊक होतं, कारण गेल्या वर्षी तिला त्यांनीच जन्माला घातलं होतं, आणि समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत तिचा निकाल लागला होता.

विद्यापीठात बाईंना ‘नियमवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे नियमवाल्या. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. कुणीतरी नियम लिहायलाच हवेत, आणि ज्याला लिहिता येतात त्याच्या गळ्यात ते पडतात. आतल्या विद्यार्थ्यांसाठी एक नियमावली, बाहेरच्यांसाठी दुसरी. फलकांवर ‘देशांतर्गत’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असे भारदस्त शब्द रंगवलेले असले तरी कचेरीत सगळे आतले आणि बाहेरचेच म्हणत. आतला कोण? ज्यानं शाळेची शेवटची दोन वर्षं देशात काढली तो. बाहेरचा कोण? ज्याचा पासपोर्ट परक्या देशाचा, किंवा अर्ज करताना जो परदेशात राहतोय तो. वाचायला अगदी सरळ. पण ह्यातला एकेक शब्द बसवताना बाईंचे केस पिकले होते. ‘शेवटची दोन वर्षं’ का, तर पूर्वी एक वडील मुलाला शेवटच्या परीक्षेपुरतं शेजारच्या देशात सोपे गुण मिळवायला पाठवून परत आणत. ‘अर्ज करताना’ का, तर दुसरे एक वडील इथंच बंगला बांधून राहत आणि परदेशातल्या मेहुण्याचा पत्ता देऊन मुलीला बाहेरच्यांच्या कोट्यात घुसवू पाहत. प्रत्येक पोटकलमाच्या मागं एक हुशार बाप उभा असतो, असं बाई म्हणत. म्हणून नवा नियम विद्यापरिषदेकडे जायच्या आधी तो कागदावरच्या मुलांवर चालवून बघायचा, अशी पद्धत त्यांनी पाडली होती. ही मुलं त्यांनी स्वतः बनवलेली. पळपुट्या हा शेवटच्या वर्षी पळून जाऊन परत येणारा. दोनघरी ही आई एका देशात आणि वडील दुसऱ्या देशात असलेली. बदलीबाबा हा सरकारी नोकराचा पोर, दर वर्षी नवी शाळा. नियम एकेकाला लावून बघायचा. कुणी भलत्या दारातून आत शिरत असेल तर दार बंद करायचं, कुणी उगाचच बाहेर राहत असेल तर फट ठेवायची. ह्या मुलांवर बाईंचा जीव होता. त्यांच्याबद्दल त्या घरी जेवतानासुद्धा बोलत आणि नवरा विचारी, “आज पळपुट्या काय म्हणतोय?”

गेल्या वर्षी त्यांनी एक नवं पोर बनवलं. पासपोर्ट इथला, शाळा तिथली, आणि अर्ज करायच्या आधी घर पुन्हा इथं. नियम लावला तर ते आतलं ठरेना, कारण शाळा बाहेर. बाहेरचं ठरेना, कारण पासपोर्टही इथला आणि घरही इथलं. दोन्ही खिडक्या बंद. बाईंनी त्याचं नाव लोंबकळ्या ठेवलं आणि त्याच्यासाठी एक छोटंसं पोटकलम लिहून बैठकीत नेलं. कुलसचिव साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना बैठकीत एखादा विनोद झाल्याशिवाय करमत नसे. ते म्हणाले, “बाई, असं पोर कुठल्या आईच्या पोटी येतं हो? बाहेर गेलेला माणूस पोराची शाळा संपता संपता परत कशाला येईल? आणि आला तर पोराला तिकडंच ठेवून येईल की.” गणिताचे प्राध्यापक म्हणाले, “हा रिकामा संच आहे.” सगळे हसले. गणितवाल्यांचा विनोद कळला हे दाखवायला माणसं जरा जास्तच हसतात. बाईसुद्धा हसल्या. साहेबांनी पेन्सिलीनं पोटकलमावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “ह्या लोंबकळ्याला आपण नाही असं समजू. उगाच नियमावली जाड होते.” मग चहा आला. बाईंच्या आठवणीत त्या चहाची चव अजून होती, साखर जास्त झालेल्या चहाची, आणि आपण हसलो तेव्हा गालांना कसं ओढल्यासारखं झालं होतं तेही.

आता तो रिकामा संच खांबाशी बसून डोळे वर करून बघत होता. कपड्यांना खांबाची धूळ लागलेली, मांडीवर पाठपिशवी, तिचे पट्टे दोन्ही हातांत गच्च धरलेले. पहिल्या खिडकीनं तिला दुसरीकडे पाठवलं होतं, दुसरीनं पहिलीकडे, आणि शेवटी ती दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसली होती. पिशवी मांडीवर घेऊन बसण्याची ती रीत बाईंना बघवेना. अशी पिशवी तोच घेतो ज्याला ती ठेवायला जागा नसते.

बाईंच्या लहानपणी मामाच्या घरी दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर खुंट्या होत्या. मामेभावंडांच्या दप्तरांच्या, ज्याची त्याची ठरलेली. समोर पाहुण्यांसाठी कपाट, आत रिकामे हँगर. बाई तिथं शाळेसाठी राहायला आल्या, कारण वडिलांची बदली झाली त्या गावात वरच्या वर्गांची शाळाच नव्हती. त्यांचं दप्तर दाराशी जमिनीवर असे. कुणी ढकललं तर ते चपलांत जाई आणि वह्यांना चपलांचा वास लागे. कुणी त्यांना वाईट वागवलं असं मुळीच नाही. मामी जेवायला वाढताना हात आखडता घेत नसे, आजारपणात उशाशी बसत असे. फक्त खाऊचा डबा घरातली मुलं स्वतः उघडत आणि पाहुण्यांच्या पोरांना तो उघडून पुढं केला जाई, आणि बाई दोन्हींत बसत नसत. आपण होऊन उघडायचा तर आपण घरचे आहोत का? कुणी पुढं करावा तर आपण पाहुणे आहोत का? डबा शेल्फावर असे आणि त्या त्याच्याकडे न बघण्याचा सराव करत. एकदा मामीच्या माहेरची कुणी बाई आली, तिनं विचारलं, “ही कोण गं?” मामी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ही होय? ही इथंच असते.” त्यात काही खोटं नव्हतं. पुढं मोठेपणी बाईंनी ह्या सगळ्याचा हिशेब एका वाक्यात मिटवून टाकला होता: लक्षात आलं नसेल. भरलं घर, मामीच्या हाताला उसंत नाही, कुणाच्या लक्षात आलं नसेल. ह्या वाक्यावर त्या मामीवर माया करत आल्या होत्या. मामीची स्वतःची मुलं आता दूरदेशी होती, आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामीचा फोन यायचा तो बाईंनाच.

“वर ये,” बाई म्हणाल्या.

खोलीत मुलगी उभीच राहिली. बाईंनी तिचे कागद पाहिले. पाहायची गरज नव्हती. तिला भूगर्भशास्त्राला जायचं होतं, जमिनीखालचं पाणी शोधायला शिकायचं होतं, गुण उत्तम होते, आणि प्रवेश संध्याकाळी बंद होणार होता. बाई म्हणाल्या, “हे बघ, चूक तुझी नाही, नियमाची आहे. तो बदलायला हवा. मी तो बदलायला लावीन. पण विद्यापरिषद आता पुढच्या सत्रात बसेल.”

“आणि मी?” मुलगी म्हणाली.

“तू... तू पुढच्या वर्षी...”

“मॅडम, मला नियम नकोय. मला प्रवेश हवाय.”

बाईंना राग आला आणि लगेच तो कुणाचा आला हे कळून त्या ओशाळल्या. मघापासून त्या मनातल्या मनात नवं पोटकलम लिहीत होत्या, त्याची भाषा घासूनपुसून लख्ख करत होत्या, आणि ते कुणासाठी? समोरच्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या मामाच्या घरच्या भिंतीवर एक खुंटी ठोकायला निघाल्या होत्या, आता, इतक्या वर्षांनी, जेव्हा ते घर विकून तिथं दवाखाना झाला होता. माणूस आपल्याच जुन्या दुखण्याला किती सफाईनं न्याय म्हणतो, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या आणि साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. “म्हणजे लोंबकळ्या खरंच आला?” ते म्हणाले आणि हसायला गेले, पण बाईंचा चेहरा बघून हसू त्यांनी खोकल्यात जिरवलं. “मुलगी आहे,” बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, “बरं, मग आपण काही राक्षस नाही. खास बाब म्हणून घेऊन टाकू. तुम्ही टिपण आणा, मी सही करतो. फक्त कारण लिहा नीट. वडिलांचं आजारपण, अपघात, काय असेल ते. परत यायला काहीतरी घडलंच असेल ना बिचाऱ्यांच्या घरी.” खास बाबींच्या फायली बाईंना पाठ होत्या. पूर, आग, अचानक गेलेली आई. प्रत्येक टिपणात कुणीतरी रडत असे, आणि त्या रडण्याच्या वजनावर दार उघडत असे.

त्या परत खोलीत आल्या. “तुम्ही परत का आलात? काय झालं होतं?”

“काही नाही झालं,” मुलगी म्हणाली.

“असं कसं? वडील काय करायचे तिकडे?”

“लिफ्ट दुरुस्त करायचे. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, पुरे झालं बुवा, आता घरी जाऊ. मग आलो.”

“नोकरी गेली का त्यांची?”

“नाही. उलट साहेबलोक थांबा थांबा म्हणत होते.”

“तब्येत?”

“ठणठणीत आहेत. इथं आल्यापासून तर पोटही सुटलंय.”

“आईचं काही? तिला तिकडचं हवापाणी सोसत नसेल,” बाई म्हणाल्या, आणि आपल्या आवाजात आलेली आशा त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

“तिला तिथला वारा आवडायचा नाही.”

“म्हणजे दम्याचा त्रास?”

“नाही हो, केस विस्कटायचे.” मुलगी हसली. मग तिच्या लक्षात आलं की समोरच्या बाई हातात पेन धरून कसल्या तरी दुःखाची वाट बघताहेत, आणि ती गोंधळली. “काही वाईट झालेलं असावं लागतं का?” तिनं विचारलं.

बाईंनी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. डबा उघडला आणि तसाच झाकला. मुलं बनवण्यात त्यांची हयात गेली होती. एका बापाला कागदावर थोडं आजारी पाडायला त्यांना किती वेळ लागणार? हृदय, मूत्रपिंड, काहीही. कुणी तपासायला येत नसे. पण लिफ्टवाला सुखी माणूस पोट सुटेस्तोवर मजेत असताना त्याला आपण खाटेवर झोपवायचं, आणि त्याच्या मुलीनं चार वर्षं त्या आजाराच्या कृपेवर शिकायचं, हे त्यांच्या हातून होईना. घरी परत यावंसं वाटलं, एवढं कारण पुरेसं नाही, असं कुठल्या कलमात लिहिलंय? सगळ्याच कलमांत लिहिलंय, त्यांना वाटलं. आणि ती आपणच लिहिली आहेत.

तेवढ्यात मामीचा फोन आला. दुधवाला, गुडघे, शेजारणीची सून, सगळं रोजच्यासारखं झालं. बाई हं हं करत होत्या. मग त्यांनी एकदम विचारलं, कधी विचारलं नव्हतं ते. “मामी, तुमच्याकडे असताना माझं दप्तर दाराशी असायचं, आठवतंय?”

“न आठवायला काय झालं? सारखं पायात यायचं मेलं.” मामी हसली. “मी तुझ्या मामांना म्हटलं होतं, पोरीला एक खुंटी ठोकून द्या. दोनदा म्हटलं. ते म्हणाले, कशाला भिंत खराब करायची, जायचीच आहे ती. म्हटलं, हेही खरंच. आणि ऐक, तू त्या गोळ्या घेतेस ना वेळेवर?”

“घेते,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. त्यांना रडू आलं नाही. मामीचा रागही आला नाही. ती बिचारी किती सहज बोलून गेली होती. फक्त ज्या वाक्यावर त्यांनी इतकी वर्षं पाय रोवले होते ते वाक्य पायाखालून निघून गेलं होतं. लक्षात आलं होतं. दोघं नवराबायको संध्याकाळी कधीतरी बोलली होती, कदाचित चहा घेता घेता, भिंतीकडे बघून, आणि ठरलं होतं. विसरणं आणि ठरवणं ह्यांत दाराशी पडलेल्या दप्तराला काही फरक कळत नाही, ते तिथंच असतं. फरक ज्याचं दप्तर त्याला. त्यांना फार एकटं वाटलं, त्या घरात कधी वाटलं नव्हतं इतकं.

मग त्यांनी टिपण लिहायला घेतलं. भाषा कचेरीचीच ठेवली. अर्जदाराच्या कुटुंबावर कोणतीही आपत्ती आलेली नाही. वडील स्वेच्छेनं मायदेशी परतले. अर्जदार कोणत्याही वर्गवारीत बसत नाही. अशा विद्यार्थ्याची शक्यता समितीसमोर मांडण्यात आली होती. समितीने विचार करून ती वगळली. सबब अर्जदारास प्रवेश देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. ‘कर्तव्य’ हा शब्द त्यांनी दोनदा खोडून दोनदा लिहिला.

साहेबांनी टिपण वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “बाई, हे काय लिहून आणलंत?”

“घडलं ते.”

“घडलं ते फायलीला लावायचं असतं का? उद्या कुणी कोर्टात गेलं तर आपण जाणूनबुजून पोरांना बाहेर ठेवतो असं होईल.”

“ठेवलंच ना साहेब.”

“अहो, गंमत चालली होती तेव्हा. तुम्हीही हसलात.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीही हसले.”

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रांगा आखडत चालल्या होत्या. शेवटी ते थकल्यासारखे म्हणाले, “मुलीला घ्यायचंय ना तुम्हाला? मग मला सही करण्याजोगं काहीतरी द्या.” आणि त्यांनी स्वतःच पेन उचललं, समितीबद्दलची दोन्ही वाक्यं काढून टाकली आणि त्यांच्या जागी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘नियमावली तयार करताना अशा विद्यार्थ्यांचा उल्लेख अनवधानाने राहून गेला.’ खाली सही केली. “झालं? कुणाचं नुकसान नाही. पुढच्या सत्रात तुमचं ते पोटकलमही आणा, मी हरकत घेणार नाही.” ते खरंच चांगले वागत होते. बाईंनी आभार मानले. मानायलाच हवे होते.

‘अनवधानाने’ हा शब्द हातात घेऊन त्या बोळातून चालत आल्या. आजवर कितीतरी टिपणांत त्यांनी तो स्वतः वापरला होता आणि तो कसा जन्माला येतो हे आज डोळ्यांनी पाहिलं होतं, अगदी पेनच्या टोकापासून. बाकावरून मुलगी उठली. बाईंनी तिला आत घेतलं, कागद पुढं केला आणि सांगितलं, प्रवेश झाला, खाली जाऊन शिक्का घे. मुलीचा चेहरा असा उजळला की बाईंना वाटलं, बास, इथंच थांबावं. आणखी काय पाहिजे? मुलीनं कागद बारकाईनं वाचला.

“अनवधानाने म्हणजे चुकून ना?”

“हो.”

“बघा!” मुलगी म्हणाली. “बाबा काल रात्रभर चिडचिड करत होते, कुणीतरी मुद्दाम आपल्याला बाहेर ठेवलंय म्हणून. मी त्यांना सांगत होते, मुद्दाम कोण कशाला करेल? आपल्यासारखे लोक असतात हे त्यांच्या लक्षात आलं नसेल.” ती कागदाची घडी घालायला लागली, नीट, कडेला कड जुळवून. “तेच झालं ना?”

बाई हो म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. ह्या मुलीला ते वाक्य जन्मभर पुरलं असतं, त्यांना स्वतःला पुरलं होतं तसं. त्या आधारानं ती विद्यापीठावर मायाही करू शकली असती.

“नाही,” बाई म्हणाल्या. “लक्षात आलं होतं.”

मुलीचे हात घडीवर थांबले.

“बैठकीत तुझ्याबद्दल बोलणं झालं होतं. तुझ्यासाठी एक कलमही लिहिलेलं होतं.”

“मग?”

“मग तू नसतेस, असं ठरलं.”

खाली शिक्के मारल्याचे आवाज येत होते, खिडकी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता, आणि बाईंना वाटलं, ही आता कागद घेऊन निघून जाईल आणि ते योग्यच होईल. मुलीनं कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवला, चेन ओढली, पिशवी टेबलावर बाईंच्या फायलींच्या शेजारी ठेवली, आणि समोरची खुर्ची ओढून त्यावर बसली.

“कोण कोण होतं?” ती म्हणाली. “सांगा.”